दाराशी डहाळी

पावसाचा पाचवा दिवस होता, आणि खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेल्या वेड्या राघूंची मोजणी सासूने सकाळपासून तिसऱ्यांदा केली होती.

“नऊ,” ती खाटेवरून म्हणाली. “काल दहा होते. एक गेला.”

“गेला असेल कुठंतरी,” सून म्हणाली. ओल्या काटक्यांवर फुंकर घालून घालून तिचे डोळे चुरचुरत होते.

“कुठंतरी म्हणजे कुठं? ह्या पावसात कुणाकडं पाहुणा जाणार आहे तो? मेला असेल. खाली बघ, चिखलात सापडेल.”

सुनेने बघितले नाही. बघायला उठावे लागले असते, आणि उठणे ही आता विचार करून करायची गोष्ट झाली होती. पाच दिवसांत घरातले सगळेच जड झाले होते. दारे फुगून चौकटीत रुतली होती, पांघरुणांनी पाणी पिऊन आपले वजन दुप्पट केले होते, आणि तिच्या पाठीच्या कण्यात कुणीतरी ओली वाळू भरून ठेवली होती.

हा पाऊस ऋतूला विचारून आलेला नव्हता. थंडी सरत आली होती, उतारापलीकडच्या फळबागेत कळ्या टपोरल्या होत्या, आणि एका संध्याकाळी आभाळ जे खाली उतरले ते परत वर गेलेच नाही. धो धो कोसळून मोकळे होणे त्याला माहीत नव्हते. दिवसभर, एकसुरी, गारठ्याच्या बारीक सुईने तो ह्या दोन खोल्यांच्या भिंती शिवत राही. मध्येच वारा उठे आणि सगळी शिवण उसवून टाकी.

सासूचे खुब्याचे हाड दोन महिन्यांपूर्वी मोडले होते. तेव्हापासून तिची खाट खिडकीशी होती, आणि खिडकीपासून तीन हातांवर कपडे वाळत घालायची तार. ह्या दिवसांत तारेवर कपडे नव्हते. होते ते हे हिरवे, वीतभर लांबीचे, नुसते बसून राहिलेले जीव. वेडा राघू उडत्या माशीवर जगतो. आभाळ ओले असले की माशी उडत नाही, आणि माशी उडाली नाही की त्याच्या त्या बारीक वाकड्या चोचीला ह्या जगात करण्यासारखे काही उरत नाही. खांद्याला खांदा भिडवून ते बसलेले असत. कडेचा कुडकुडू लागला की तो इतरांच्या पाठींवरून चढत मध्ये घुसे. मग जो नवा कडेला येई त्याची पाळी. शेपटीतले ते दोन लांब पिसांचे काटे भिजून चिकटलेले, आणि त्यांच्या टोकांवरून थेंब असा ठिबके की जणू पाखरेच हळूहळू वितळत होती.

“आम्ही पाच बहिणी एका पांघरुणात अशाच झोपायचो,” सासू म्हणाली. “कडेला नेहमी मी. म्हणून तर ही हाडं अशी ठिसूळ.”

“काल म्हणालात, मधे झोपायचात.”

“काल म्हणाले असेन. काल दहा होते.”

सुनेने चहाचे भांडे चुलीवर ठेवले. साखरेच्या डब्यात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. साखर होती ती पाक करून माश्यांना दिलेली होती. पाऊस लागला की मधमाश्या घरातला मध खातात, तो संपला की एकमेकींकडे बघत मरतात. म्हणून नवरा रोज बाटलीतला पाक पेटीच्या झाकणाखाली उपडा करून ठेवी.

नवऱ्याला सगळे पेटीवाला म्हणत. त्याच्या बापालाही म्हणत. मधमाश्यांच्या पेट्या पाळायच्या, मध काढायचा, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत त्या उचलून बागेत नेऊन ठेवायच्या, हा दोन पिढ्यांचा धंदा. माशी बसल्याशिवाय फूल फळत नाही, आणि बागवानाकडे झाडे होती, माश्या नव्हत्या. पण मागच्या दोन वर्षांत माश्यांना रोग पडला, आणि अंगणातल्या पेट्या विझत जाणाऱ्या खिडक्यांसारख्या एकेक करून गप्प झाल्या. आता चार उरल्या होत्या. तीन पडवीतल्या भिंतीशी होत्या आणि अशक्त होत्या. चौथी भरलेली, जड, गुणगुणणारी. पण तिची जुनी राणी तीन आठवड्यांपूर्वी मेली होती. माश्यांनी आपली नवी राणी वाढवली. पाऊस लागायच्या आदल्या दुपारी ती पहिल्यांदा दाराबाहेर आली, दाराकडे तोंड करून हवेत झुलली आणि आत गेली.

“घर पाठ करतेय,” नवरा तेव्हा म्हणाला होता. त्याचा आवाज लेकीला पहिल्यांदा शाळेत सोडून आल्यासारखा होता. “आता दोन दिवसांत उडेल.”

आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लागला.

राणी नरांना भेटायला आभाळात जाते ती कोवळ्या वयातच. एकदा भेटून आली की जन्मभर अंडी घालते. घरात कोंडून तीन आठवडे उलटले की ती निबर होते. मग जाणे नाही, अंडी नाहीत, आणि जिला अंडी नाहीत ती पेटी उन्हाळ्याआधी संपते. हे नवऱ्याने बायकोला समजावून सांगितलेले नव्हते. त्याने एवढेच सांगितले होते: “ही पेटी गेली तर मी खडीच्या मशीनवर जाणार.” खडीची मशीन दोन दिवसांच्या प्रवासावर होती. तिथे गेलेला माणूस वर्षातून एकदा घरी येई, आणि आला की खोकून पांढरे थुंके.

ती पेटी आधी उताराच्या पायथ्याशी एका सपाट दगडावर असे. काल पहाटे पाणी त्या दगडावर चढले, तेव्हा नवराबायकोने पेटीच्या दारात चिंधी कोंबून ती उचलली. वीस पावलांचा चढ, पायाखाली लोण्यासारखा चिखल, आणि दोघांच्या मध्ये चाळीस हजार जिवांचा थरथरणारा एक डबा. दोनदा तिचा पाय घसरला. दोन्ही वेळा तो ओरडला, आणि दोन्ही वेळा तो पेटीसाठी ओरडला. अखेर सासूच्या खिडकीखाली, वळचणीला, त्यांनी ती टेकवली. मग नवऱ्याने एक पानांची डहाळी तोडून पेटीच्या दाराशी आडवी खोचली.

“ही हलवू नकोस,” तो म्हणाला. “बाहेर पडताना डहाळीला अडखळल्या की माघारी वळून बघतात, नवी जागा पाठ करतात. अडखळल्या नाहीत तर सरळ निघून जातील, आणि परत येतील त्या खाली, दगडावर.”

“माहीत आहे मला. चौदा वर्षं झाली लग्नाला.”

“माहीत असतं तेच विसरतं माणूस.”

आठव्या दिवशी बागवान आला. छत्री त्याची मोठी होती. ती मिटून पडवीत ठेवताना तिच्यातले पाणी त्याने सुनेच्या सुक्या सरपणावर झटकले आणि त्याच्या ते लक्षातही आले नाही.

“काय पेटीवाले, घरात आहात की पाण्यात?”

नवरा उठून उभा राहिला. भिजलेल्या सदऱ्यात त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. बागवानाने पडवीतल्या एकेका पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला.

“ह्या तिघींत माश्या आहेत की नुसती वाफ?”

नवरा हसला. ते हसू सुनेच्या ओळखीचे नव्हते. दुसऱ्याच्या घरून मागून आणल्यासारखे ते त्याच्या तोंडावर थोडे सैल बसले होते.

“पाक चालू आहे. उघाड पडली की सावरतील. चौथी बघा की, खिडकीखाली. भरलेली आहे.”

“राणी आहे?”

“आहे.”

“पोटुशी आहे?”

नवऱ्याने पडवीतल्या पेटीचे झाकण उगाच दाबून बसवले.

“हं,” बागवान म्हणाला. “हे बघ, दहाबारा दिवसांत फूल उमलेल. मला चार भरलेल्या लागतात. अर्ध्यामुर्ध्या आणायच्या असतील तर आणूच नकोस. मग मी ट्रकवाल्याला निरोप देतो, तो पेट्या घेऊन येतो, एका दमात सगळ्या लावून जातो. तुझ्या बापापासून चाललंय म्हणून थांबलोय.” मग त्याची नजर तारेकडे गेली आणि तो मनापासून हसला. “आणि हे काय पाळलंयस दारात? मधमाश्यावाल्याच्या अंगणात वेडे राघू! दूधवाल्यानं मांजरांची पंगत बसवावी तसं!”

सुनेने चहा दिला. एक घोट घेऊन त्याने कपात पाहिले.

“साखर विसरलात वाटतं.”

“विसरली नाही,” आतून सासूचा आवाज आला, पावसावर चढवलेला. “साखर माश्या खातात आमच्याकडं. आम्ही त्यांचं उष्टं सुद्धा खात नाही. प्या तसाच. पाऊस पडतोय, गोड कशाला लागतंय?”

बागवानाने अर्धा चहा ठेवला. तो गेल्यावर नवऱ्याने तो उरलेला कप उचलला, थंड झालेला, आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. सुनेने पाठ फिरवली.

नवव्या दिवशी तारेवर आठ उरले. त्यांतल्या एकाचे शेपटीचे काटे मुळापासून गेलेले होते. सासू त्याला बांडा म्हणे. भूक सगळ्यांनाच होती, पण बांड्याला अक्कल होती. मेलेल्या माश्या पेटीबाहेर टाकायचे काम माश्या पावसातही करतात. दाराच्या फटीतून एक माशी दुसऱ्या मेलेलीला ओढत आणते आणि खाली लोटते. बांडा हे दोन दिवस बघत होता. आज तो तारेवरून सुटला आणि सरळ पेटीच्या दाराशी खोचलेल्या डहाळीवर येऊन बसला. मेलेली माशी खाली पडायच्या आत त्याच्या चोचीत आली. ती घेऊन तो खिडकीच्या गजावर आला आणि गजावर आपटू लागला, घासू लागला.

“ऐक,” सासू म्हणाली. “टक, टक. काटा काढतोय. मेलेल्या माशीचासुद्धा काटा काढून खातो बघ. शिस्तीचा आहे. तुझा सासरा असाच, मासळी वाढली तर ताट अर्धा तास पुढ्यात.”

“तुम्हाला कौतुक. आपल्याच माश्या खातोय तो.”

“मेलेल्या खातोय. मेल्यावर कुणी का खाईना.”

दुपारपर्यंत डहाळीवर तिघे बसू लागले, आणि दुपारनंतर त्यांनी मेलेल्यांची वाट बघणे सोडले. दाराशी पहारा करणारी जिवंत माशी नाक बाहेर काढी आणि डहाळीवरचा हिरवा ठिपका पुढे झुके. सून खिडकीतून बघत राहिली. राणीने ह्या वेळी नुसते डोकावले तरी? एका बोटाच्या अंतरावर चोच होती. ती बाहेर गेली, पाखरे उडून तारेवर गेली, आणि तिने डहाळी उपटून चिखलात भिरकावली. तिच्या डोक्यात सगळे नीट होते: डहाळीवर पाखरू बसते, उभ्या कौलावर बसणार नाही; पडवीतले एक कौल आणायचे आणि दारासमोर तिरके टेकवायचे. माश्या त्यालाही अडखळल्या असत्या.

ती कौल आणायला वळली तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला.

छताच्या कोपऱ्यातला फुगलेला गिलावा सासूच्या पायांवर कोसळला होता, आणि त्यामागून मातकट पाण्याची धार. म्हातारी ओरडली नाही. ती अंथरुणावर गिलाव्याच्या ढेकळांत तोंड मिटून पडली होती, आणि ते ओरडण्याहून वाईट होते. सुनेने तिच्या काखेखाली हात घातले. त्या देहाला वजन नव्हते, आणि तरी तो उचलवत नव्हता, कारण जिथे धरावे तिथे दुखत होते. नवरा पाकासाठी साखर मागत कुठेतरी हिंडत होता. तिने एकटीने खाट ओढली, गादी काढली, म्हातारीला पुसले, कोरडे नेसवले, ढेकळे भरली, घमेले लावले, घमेले भरले की रिते केले आणि पुन्हा लावले. अंधार पडेतो ती वाकलेलीच होती. सरळ झाली तेव्हा कण्यातून कळ निघाली, आणि त्या कळेसरशी तिच्या मनातून काहीतरी सांडले. काय सांडले हे शोधण्याइतकेही बळ तिच्यात नव्हते.

तेराव्या दिवशी दुपारी ऊन पडले.

ऊन असे अचानक आले की सगळेजण त्याच्याकडे परक्यासारखे बघत राहिले. पानापानावरून वाफ निघू लागली. चारही पेट्यांची दारे एकदम उकळली. बारा दिवस पोट दाबून बसलेल्या माश्या बाहेर झेपावल्या आणि अंगणावर, कौलांवर, नवऱ्याच्या डोक्यावरच्या टॉवेलवर विष्ठेचे पिवळे बारीक ठिपके बरसले. तो उकिडवा बसला होता, खिडकीखालच्या पेटीपासून दोन हातांवर, श्वास धरून.

“आली,” तो कुजबुजला.

सुनेनेही पाहिली. इतरांहून लांब, तांबूस, पाय जरा जास्तच उंच टाकणारी. राणी फळीच्या काठावर आली, क्षणभर थबकली आणि तिरासारखी सरळ वर निघून गेली. वळली नाही. झुलली नाही.

आणि तारेवरचे आठही सुटले.

बारा दिवसांची भूक हवेत उतरली होती. एखादे हिरवे पान वर फेकावे आणि ते पडायचे विसरून वळावे तशी पाखरे वळत होती, आणि प्रत्येक वळणाला चोच मिटल्याचा बारीक आवाज येत होता. नवरा उठला, थाळी बडवू लागला, ओरडू लागला. पाखरे चार हात लांब गेली आणि तिथे खाऊ लागली. “हाकल गं, उभी काय राहिलीस!” तीही ओरडली. खिडकीतून सासू ओरडली. तिघांचा आवाज त्या निळ्या, धुऊन काढलेल्या आभाळात कुठल्या कुठे विरून जात होता.

राणीला जाऊन यायला अर्धा तास लागतो. अर्धा तास गेला. मग एक तास. नवरा पेटीच्या फळीवरून नजर हलवत नव्हता. माश्या येत होत्या, लांबट कुणी नव्हती. पश्चिमेकडून पुन्हा ढग सरकले, उन्हाचा तुकडा अंगणातून गुंडाळला गेला, आणि तिन्हीसांजेच्या आधी बुरबुर सुरू झाली. पाखरे तारेवर परतली, खांद्याला खांदा भिडवून बसली.

नवरा उठला. त्याने तारेला टेकू दिलेला बांबू उपसला. तार लचकली, पण ओल्या पंखांची पाखरे उडाली नाहीत, नुसती एकमेकांवर रेलली.

“अरे!” खिडकीतून सासू म्हणाली. “अरे, नको!”

त्याने बांबू दोन्ही हातांनी तारेच्या कडेने आडवा फिरवला. एकदाच. ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा आवाज झाला. दोन उडाले. सहा खाली पडले. त्यांतला एक बांडा होता.

ते सहा गोळा करून तो पडवीत बसला आणि पोळे कापायची सुरी घेऊन त्याने एकेकाचे पोट उघडले. राणी खाल्ली गेली की नाही, हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता. त्याच्या बापानेही एकदा असेच पाहिले होते. सून कंदील धरून उभी होती. सुरीच्या टोकाने तो पंख, पाय, माश्यांची फुटकी अंगे बाजूला काढत होता. चौघांच्या पोटांत कामकरी माश्या निघाल्या, दोन मोठ्या डोळ्यांचे नर. दोघांची पोटे रिकामी होती, हवेतल्या त्या एका तासातही त्यांच्या हाती काही लागले नव्हते. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे वर आलेले.

“नाही,” तो म्हणाला. “राणी नाही ह्यांच्यात.”

“मग त्या दोघांनी...”

“असेल.” पण तो ऐकत होता. खिडकीखालच्या पेटीचा आवाज बदलला होता. रोजची गुणगुण जाऊन तिथून एक लांब, चढता-उतरता हुंदका येत होता; घरात कुणी नाही हे कळलेल्या घराचा. तो कंदील घेऊन पेटीपाशी गेला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“डहाळी कुठंय?”

चार दिवसांपूर्वी सुनेच्या मनातून सांडलेले ते काय होते, हे तिला आत्ता दिसले: एक कौल. पडवीत होते, अजून तिथेच होते.

“डहाळी कुणी काढली?” त्याचा आवाज चढला नव्हता.

“मी,” खिडकीतून सासू म्हणाली. “मी सांगितलं तिला काढायला. पाखरं बसत होती. म्हातारं डोकं, राहिलं नाही ध्यानात. काय करतोस, मार मलाही बांबू.”

सून ते ऐकायला थांबलीच नाही. तिने त्याच्या हातातला कंदील हिसकावला आणि उतारावरून धावत सुटली; धावत म्हणजे घसरत, बसत, हातांनी चिखल धरत. खाली सपाट दगडावरचे पाणी ओसरले होते. दगडाच्या मधोमध, जिथे पेटी असायची नेमक्या त्या चौकोनात, मूठभर माश्या एकमेकींना घट्ट बिलगून बसल्या होत्या आणि त्यांच्यावर बुरबुर पडत होती.

तिने बोटाने वरच्या माश्या सारल्या. गारठलेल्या होत्या, हलत नव्हत्या. सगळ्यांत आत, त्यांनी आपल्या अंगांनी झाकून ठेवलेली, ती लांबट तांबूस राणी होती. तिच्या शेपटाशी पांढरा धागा लोंबत होता. नरांना भेटून ती परत आली होती. आठ चोचींतून गेली होती, आठ चोचींतून आली होती, आणि जे घर तिने पाठ केले होते तिथे अचूक उतरली होती.

सुनेने ती सगळी मूठ ओंजळीत घेतली, तोंडाशी धरली आणि श्वास सोडत सोडत चढ चढली. अर्ध्या वाटेवर पहिली नांगी तळहातात शिरली. तिला बरे वाटले. म्हणजे कुणीतरी जागे होत होते. चुलीपाशी पोहोचेतो पाच डंख झाले होते. नवरा गुडघ्यांवर बसला. दोघांची डोकी त्या ओंजळीवर वाकली होती, आणि पुष्कळ वर्षांत ती इतकी जवळ आली नव्हती. माश्या एकेक करून थरथरल्या. राणी पडून होती. मग तिचा मागचा एक पाय, जणू आळस देत, ताठ झाला आणि वाकला.

“चल,” तो म्हणाला. “चल, लवकर.”

त्यांनी तिला दाराशी सोडले. ती फळीवर लटपटली, आत गेली. बाहेर बुरबुर, आत तो हुंदका. मग हुंदका एका बाजूने विझत गेला, जसा एखाद्या खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप जावा, आणि पेटी गप झाली.

सकाळी नवऱ्याने सहाही पाखरे उताराखाली नेऊन पुरली. एवढ्याशा जिवांना लागतो त्याहून खड्डा खूप खोल खणला. सासूने त्या दिवशी मोजणी केली नाही. सुनेने तिला पुसताना, कूस बदलताना, दोनतीनदा काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला.

“हळू,” सासू म्हणाली. “तो डंखाचा हात लावू नकोस, खरखरीत लागतो.” मग भिंतीकडे बघत, “आणि गप्प बस. मला तो काय करणार आहे? मी आधीच मोडलेली.”

त्यानंतरच्या पाचव्या दिवशी ऊन स्थिरावले होते. बागेवर पांढरी झाक दिसू लागली होती. नवऱ्याने खिडकीखालच्या पेटीचे झाकण काढले, पोळ्याची एक चौकट हळूच उचलली आणि उन्हाकडे तिरपी धरून बायकोला हाक मारली. तिने डोळे बारीक करून मेणाच्या घरांच्या तळाशी पाहिले. प्रत्येक घरात एक, उभे, सुईच्या टोकाएवढे पांढरे अंडे. ओळीच्या ओळी, कुठे खंड नाही.

“ही वाचली,” तो म्हणाला. “पडवीतल्या तिघी सावरल्या असल्या की संध्याकाळी बागवानाला सांगून येतो. खडीबिडी राहिली आता.”

तिने मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. तो वाटेत कुठेतरी होता, दमलेल्या पाहुण्यासारखा, अजून पोहोचला नव्हता. तारेवर दोन वेडे राघू बसले होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर. ऊन होते, त्यांना बिलगायचे कारण नव्हते. एक सुटला, पेटीवरून वळण घेऊन माशी घेऊन गेला. नवऱ्याने पाहिले. त्याच्या हातात चौकट होती.

“आईंनी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “डहाळी मी काढली. आपल्या मनानं. कौल लावणार होते, आणि छत पडलं.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“आईनं सांगितलं असतं, तर तू काढली असतीस होय?”

तिला हसू फुटले. इतक्या दिवसांचे साचलेले, बेढब, नाकातून आलेले हसू. हसता हसता ती तिथेच ओल्या मातीत बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आले की तो हसत नव्हता. त्याने चौकट जपून, माशी चिरडू न देता, पेटीत उतरवली.

“काठी उचलायला मला कुणी सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “आई तर नकोच म्हणाली.”

त्याने झाकण बसवले, वर दगड ठेवला, आणि पडवीतल्या तीन पेट्यांकडे वळला. त्या अजून उघडून बघायच्या होत्या. तीही हाताचा टेकू घेऊन उठली.